मैदानासाठी झाडं तोडायची का?



वैचारिक निबंध लिहिताना आपलं मत आधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, असं मी वर्गात नेहमी सांगतो. तेव्हा माझंही मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. शाळेच्या आवारातली झाडं मैदानासाठी तोडू नयेत. झाडं असतील तिथे झाडांमध्ये खेळता येईल असा खेळ आणावा.

आता तुम्ही म्हणाल, सर, झाडांमध्ये कुठे खेळ होतो का? खेळायला तर मोकळं मैदान लागतं. चेंडू फांदीत अडकतो, पळताना मुळाला ठेच लागते. बरोबर आहे. मीसुद्धा बरीच वर्षं असंच समजत होतो. माझं मत कसं बदललं ते सांगतो. मग तुम्ही तुमचं ठरवा.

एका ठरावावरची सही

अकरा वर्षांपूर्वी मी आपल्या परभणी जिल्ह्यातल्याच एका दुसऱ्या शाळेवर होतो. त्या शाळेच्या आवारात सात लिंबं होती. लिंबं म्हणजे कडुलिंबाची झाडं. चांगली जुनी, दोन मुलांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत अशी. शाळेला मोठं मैदान पाहिजे, मुलांना क्रिकेट खेळता आलं पाहिजे, असा विषय बैठकीत निघाला. कुणीच विरोध केला नाही. मीही केला नाही. ठरावावर माझीही सही आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत झाडं गेली. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा मैदान एकदम मोठं दिसायला लागलं. पहिले आठ दिवस मुलं खूश होती. पुढे काय झालं बघा. मैदानावर पंधरा-वीस मोठी मुलं क्रिकेट खेळायची, बाकीची दीडशे मुलं व्हरांड्यात बसून बघायची. मुली तर मैदानाकडे फिरकतही नव्हत्या. फेब्रुवारी संपला की सकाळी दहानंतर त्या मैदानावर पाय ठेवायची सोय नसायची. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चाळिशी कधीच ओलांडतो. आधी मुलं डबे घेऊन लिंबाखाली गोल करून जेवायची. आता भिंतीच्या सावलीत, जेवढी सावली तेवढीच मुलं, अशी दाटी व्हायची.

आम्ही मैदान मिळवलं होतं, पण खेळणारी मुलं वाढली नव्हती. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मैदान मोठं झालं म्हणजे खेळ मोठा झाला का?

आमच्या जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेला व्हिडिओ

सध्या ज्या शाळेवर आहे, तिथेही झाडं आहेत. हातपंपाजवळ एक मोठी चिंच, मधोमध पाच लिंबं, ओढ्याच्या बाजूला बाभळी आणि करंज, कुंपणाला सीताफळं. आणि इथेही दोन वर्षांपूर्वी तोच विषय निघाला : मधली पाच लिंबं काढली तर मैदान मोकळं होईल. या वेळी मी गप्प बसलो नाही, पण माझ्याकडे उत्तरही नव्हतं. "मग मुलांनी खेळायचं कुठं, सर?" असं विचारलं की मी निरुत्तर.

उत्तर आलं ते लांबून. शाळेचा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी अमेरिकेत कॅलिफोर्नियात असतो. त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. एका झाडीच्या बागेत तो आणि त्याचे मित्र फिरताहेत. हातात ताटलीएवढी चकती. एक जण उभा राहतो, समोर बघतो, हात मागे नेऊन चकती भिरकावतो. चकती दोन झाडांच्या मधून सरळ जाते, मग वळते आणि पार तिकडे एका लोखंडी टोपल्याजवळ जाऊन पडते. सगळे चालत तिथे जातात. पुन्हा फेक. टोपल्यावर साखळ्या लोंबकळताहेत. चकती साखळ्यांना लागते, 'खळ्ळ' असा आवाज होतो आणि ती टोपल्यात पडते. सगळे हसतात आणि पुढच्या टोपल्याकडे निघतात. या खेळाचं नाव डिस्क गोल्फ. डिस्क म्हणजे चकती.

मला खेळापेक्षा ती जागा आवडली. झाडांची सावली, पायवाट, मधूनच उघडं आकाश, लांब डोंगर. खेळणारे पळत नव्हते, ओरडत नव्हते. चालत होते, थांबून झाडाकडे, वाऱ्याकडे बघत होते. बागेत फिरायला गेलेल्या माणसासारखेच ते दिसत होते, फक्त हातात चकती होती.

हा खेळ खेळतात कसा?

नियम अगदी सोपे आहेत. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारून खड्ड्यात घालतात, इथे हाताने चकती फेकून टोपल्यात घालायची. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक. चकती जिथे पडेल तिथून दुसरी. असं करत टोपल्यापर्यंत जायचं. किती फेका लागल्या ते मोजायचं. ९ किंवा १८ टोपली झाली की सगळ्या फेकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला.

प्रत्येक टोपल्यासाठी किती फेका पुरेशा आहेत, हे आधीच ठरलेलं असतं. त्याला 'पार' म्हणतात. बहुतेक टोपल्यांचा पार ३ असतो. काही ठिकाणी 'या झाडाच्या उजव्याच बाजूने चकती गेली पाहिजे' असा नियम असतो. आखलेल्या हद्दीबाहेर चकती गेली तर एक फेक दंड म्हणून वाढते.

आता यात झाडाचं काम काय, ते लक्षात घ्या. क्रिकेटमध्ये झाड म्हणजे अडचण. इथे झाड म्हणजेच खेळ. सपाट मोकळ्या माळावर टोपलं ठेवलं तर सरळ फेकायचं आणि झालं. मध्ये झाड आलं की विचार करावा लागतो. उजवीकडून काढू की डावीकडून? फांदीच्या खालून जाईल का? वारा कुठून येतोय? म्हणून या खेळाचे कोर्स मुद्दाम झाडीत आखतात.

ताटलीपासून टोपल्यापर्यंत

हा खेळ श्रीमंतांच्या क्लबमधून आलेला नाही. त्याची गोष्ट स्वयंपाकघरातून सुरू होते. अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावात फ्रिस्बी नावाची एक बेकरी कंपनी होती. तिच्या पायच्या रिकाम्या पत्र्याच्या ताटल्या कॉलेजची मुलं एकमेकांकडे भिरकावायची. 'फ्रिस्बी' हे नाव तिथूनच आलं. पुढे १९३८ साली फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आपल्या मैत्रिणीबरोबर कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर केकचं भांडं फेकून खेळत होता. ते बघून एकाने ५ सेंटचं ते भांडं २५ सेंटला मागितलं. मॉरिसनच्या डोक्यात धंद्याची कल्पना आली. त्याने पुढे प्लॅस्टिकची चकती बनवली आणि १९५७ मध्ये व्हॅम-ओ नावाच्या कंपनीने ती बाजारात आणली.

त्याच कंपनीत एड हेड्रिक नावाचा माणूस होता. त्याने १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह नावाच्या बागेत डिस्क गोल्फचा पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. ओक झाडांची ती बाग डोंगराच्या पायथ्याशी, एका कोरड्या ओढ्याच्या काठाला आहे. शेजारीच नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या गाड्या बनल्या ती हीच प्रयोगशाळा. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेच्या कुंपणाशेजारी लोक झाडांमध्ये चकत्या फेकत फिरतात, हे वर्गात सांगितल्यावर मुलांना फार गंमत वाटली.

सुरुवातीला तिथे टोपली नव्हती, नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावरून भांडणं व्हायची. म्हणून हेड्रिकने आपल्या मुलाला बरोबर घेऊन साखळ्या लावलेलं टोपलं तयार केलं. साखळी वाजली, चकती टोपल्यात पडली, वाद मिटला. १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली. आज अमेरिकेबरोबरच फिनलंड, स्वीडन, एस्टोनिया या देशांत हा खेळ गावोगावी पोचला आहे. बहुतेक कोर्स सार्वजनिक बागांमध्ये आहेत आणि खेळायला पैसे पडत नाहीत. हेड्रिक २००२ मध्ये वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख मिसळून चकत्या बनवल्या गेल्या!

एक योगायोग बघा. ज्या १९७५ साली ओक ग्रोव्हमध्ये झाडं ठेवून खेळ सुरू झाला, त्याच वर्षी आपल्या राज्यात 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम' झाला. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं व त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. पण हा कायदा शहरांसाठी आहे. खेड्यातल्या शाळेच्या आवारातलं झाड वाचवायचं तर ते आपल्यालाच वाटलं पाहिजे.

आमचा नऊ टोपल्यांचा कोर्स

दिवाळीत तो विद्यार्थी गावी आला तेव्हा तीन चकत्या घेऊन आला. तीन चकत्यांत शाळा कशी खेळणार? मग आम्ही आमची युक्ती केली. रंगाच्या मोठ्या डब्यांची झाकणं गोळा केली. कडा घासून गुळगुळीत केल्या. झाकण खऱ्या चकतीइतकं लांब जात नाही, पण मुलांना पुरतं. टोपल्यासाठी जुन्या सायकलच्या रिमा आणल्या, त्यांना जुन्या चेनचे तुकडे लोंबते बांधले आणि खाली घमेलं. सगळं एका बांबूवर. नऊपैकी चार टोपली अशी झाली. बाकी पाच ठिकाणी बांबूवर साध्या दुरड्या बांधल्या. खर्च म्हणाल तर तार आणि सुतळीचा.

कोर्स मुलांनीच आखला आणि नावंही त्यांनीच दिली. पहिलं 'हातपंप' : हातपंपापासून चिंचेपर्यंत, पंचवीस पावलं, सरळ. दुसरं 'चिंचेखाली' : फांद्या खाली आलेल्या, म्हणून चकती बुटकी ठेवावी लागते. तिसरं 'सीताफळ' : कुंपणाच्या कडेकडेने, पलीकडे गेली की दंड. चौथं, पाचवं आणि सहावं मधल्या लिंबांमध्ये. त्यातल्या पाचव्याचं नाव 'जोडलिंब'. दोन लिंबं अगदी जवळजवळ आहेत आणि टोपलं त्यांच्या बरोबर मागे. सातवं ओढ्याच्या काठाने, साठ पावलं, सर्वांत लांब. आठवं बाभळीजवळ, तिथे चप्पल घातल्याशिवाय जायचं नाही. नववं परत चिंचेकडे.

थंडीच्या दिवसांत सकाळी हा फेरा मारून बघा. कुंपणापलीकडे ज्वारी आणि हरभरा उभा असतो. गवतावर दव असतं. करंजाच्या शेंड्यावर पोपट ओरडत असतात. कधी सीताफळाच्या बुडाशी भारद्वाज तुरुतुरु चालताना दिसतो. मार्चच्या शेवटी लिंब फुलतो आणि पाचव्या टोपल्याजवळ उभं राहिलं की वास येतो. मी त्या आवारात कितीतरी वर्षं हजेरीवही घेऊन फिरलो, पण लिंबाचा मोहोर बघायला कधी थांबलो नव्हतो. खेळाने थांबवलं.

पहिल्या दिवशी चकती हवेत गेली तसा एक मुलगा ओरडला, "सर, सुदर्शन चक्र!" दुसरा लगेच म्हणाला, "ते वापस येतं, हे आणायला जावं लागायलंय." पाचव्या टोपल्याशी सगळ्यांची एकच तक्रार : "सर, झाड मधी यायलंय." मी म्हटलं, झाड मध्ये येत नाही बाळांनो, झाड तिथंच आहे. आपण वळून जायचं.

आणि वळून गेली ती कोण? सहावीची एक मुलगी. क्रिकेट चालू असताना ही मुलांची दप्तरं सांभाळत बसायची. तिला कुणी खेळायला बोलावलं नव्हतं आणि तिने कधी मागितलंही नव्हतं. इथे मात्र प्रत्येकाला पाळी मिळते. तिने दोन-तीन दिवसांत हेरलं की उजव्या हाताने चकती फेकली की शेवटी वेग कमी झाल्यावर ती डावीकडे वळते. मग ती जोडलिंबाच्या उजव्या अंगाने फेकायला लागली. चकती झाडाला वळसा घालून मागच्या टोपल्यापाशी. हा वळसा तिला मी शिकवला नव्हता, मलाच तो तिच्याकडून शिकावा लागला. माझी चकती अजूनही जोडलिंबाला धडकते.

खेळता खेळता अभ्यास

शिक्षक मित्रांनो, हा भाग तुमच्यासाठी. आमच्या वर्गात ऋण संख्या शिकवताना मुलं गोंधळायची. आता नऊ टोपल्यांचा पार २७ हे प्रत्येकाला पाठ आहे. ३१ फेका लागल्या तर +४, २५ लागल्या तर −२. '−२ मोठं की +४ मोठं?' हा प्रश्न फळ्यावर अवघड वाटत होता, तो मैदानावर वादाचा विषय झाला! पाच दिवसांच्या फेकांची सरासरी, पावलांची मीटरमध्ये मोजणी, फेकीचा कोन, हे सगळं मुलं आपणहून करायला लागली.

विज्ञानात स्वतःभोवती फिरणारी वस्तू स्थिर का राहते, हे भोवऱ्यावरून सांगतो तसंच चकतीवरून सांगता येतं. गिरकी न देता चकती फेकली की ती लडबडून पडते. गिरकी दिली की तोल धरते आणि हवा तिला खालून उचलून धरते. भूगोलात वाऱ्याची दिशा, परिसर अभ्यासात झाडांची ओळख. आमच्या मुलांना आता करंज आणि शिरीष यांतला फरक कळतो, कारण करंजाजवळून चकती कशी काढायची आणि शिरीषाजवळून कशी, याची चर्चा रोज होते.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्या विषयात बसवायची मला माहीत नाही. या खेळात बहुतेक वेळा पंच नसतो. आपल्या फेका आपणच मोजायच्या आणि खरं सांगायचं. एकदा चौथीच्या एका पोराने झाडामागून येऊन सांगितलं, "पाच." मी वहीत पाच लिहिलं. दोन टोपली पुढे गेल्यावर तो हळूच जवळ आला आणि म्हणाला, "सर, सहा होत्या." झाडामागे त्याला कुणीही बघितलं नव्हतं. मूल्यशिक्षणाचे तास मी भरपूर घेतले आहेत, पण असं उत्तर मला कुठल्या प्रश्नपत्रिकेत मिळालं नाही.

लोक काय म्हणतात?

पहिला आक्षेप : हा परदेशी खेळ आहे. आपले खेळ सोडून हे कशाला? मला सांगा, क्रिकेट कुठलं आहे? पण मुद्दा तो नाही. झाडाशिवाय होत नाही असा खेळ आपल्याकडेही होता. सूरपारंब्या आठवतात का? एकाने काठी पायाखालून लांब फेकायची, राज्य असलेल्याने ती आणून रिंगणात ठेवायची आणि तोवर बाकीच्यांनी झाडावर चढायचं. पारंब्यांना लोंबकळायचं. तो खेळ आपण विसरलो, कारण जवळपास असे वडच उरले नाहीत. झाड गेलं की त्याच्याबरोबर त्याचा खेळही जातो. मी तर म्हणतो, चकती आणि सूरपारंब्या दोन्ही खेळा. दोन्हीला झाड लागतं, माझ्यासाठी तेवढं पुरे.

दुसरा आक्षेप : यात व्यायाम कुठे आहे? नुसतं चालणं. खरं आहे, खो-खो आणि कबड्डीइतकी दमछाक यात होत नाही. ते खेळ पाहिजेतच, आणि त्यांना फार मोठी जागाही लागत नाही. पण ज्या मुलाला पळता येत नाही, दम लागतो, किंवा जो संघात घेतला जात नाही, त्याने काय करायचं? नऊ टोपल्यांचा एक फेरा म्हणजे चालणं, वाकणं, फेकणं, आणि तेही सावलीत. सगळ्यांनी थोडं खेळणं हे थोड्यांनीच सगळं खेळण्यापेक्षा बरं.

तिसरा आक्षेप : चकती कुणाला लागली तर? हा आक्षेप खरा आहे. डिस्क गोल्फची चकती साध्या फ्रिस्बीपेक्षा लहान, जड आणि कडेला निमुळती असते. म्हणून आमचे नियम कडक आहेत. फेकणाऱ्याच्या पुढे कुणीही उभं राहायचं नाही. फेकण्याआधी "चकती आली!" असं ओरडायचं. खरी चकती फक्त सहावी-सातवीच्या मुलांनी आणि शिक्षक जवळ असतानाच. लहानांना झाकणं.

चौथा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो कुणी घेतला नाही. चकत्या लागून झाडाला इजा होत नाही का? होते. परदेशातही हा प्रश्न आहे. साली सोलवटतात, एकाच जागी सारखं चालून मुळांवरची माती दबते. तिकडे झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पसरतात, बुंध्याला संरक्षण लावतात. आमच्या लहान करंजाच्या सालीवरही दोन महिन्यांत ओरखडे दिसले. मुलांनीच त्याला जुनं गोणपाट गुंडाळलं. टोपल्यांच्या आणि फेकीच्या जागा दर महिन्याला बदलतो. पावसाळ्यात माती ओली असताना खेळ बंद. झाडांसाठी खेळ म्हणायचं आणि झाडच सोलायचं, असं चालणार नाही.

आपल्या जिल्ह्यापुरतं सांगायचं तर

महाराष्ट्रात जंगल सर्वांत कमी असलेल्या जिल्ह्यांत लातूरबरोबर आपल्या परभणीचं नाव येतं. गोदावरी, पूर्णा, दुधना अशा नद्या, काळी कसदार जमीन, पण जंगल नावापुरतं. परभणी शहरातल्या पोराला झाडी बघायची तर राजगोपालाचारी उद्यान किंवा कृषी विद्यापीठाचा परिसर. खेड्यातल्या पोराला शाळेचं आवार आणि ओढ्याचा काठ. अशा जिल्ह्यात शाळेतली पाच लिंबं म्हणजे नुसती पाच झाडं नव्हेत. त्या गावातल्या मुलांपुरतं तेच जंगल आहे.

आणि आपणच दरवर्षी जुलैमध्ये वृक्षारोपण करतो. खड्डा, रोप, फोटो. पुढच्या जुलैला त्याच खड्ड्यात दुसरं रोप. का जगत नाहीत रोपं? मला वाटतं, कारण त्या रोपाची कुणाला गरज नसते. यंदा आमच्या मुलांनी आठव्या टोपल्याजवळ चार रोपं लावली. का? तर आठवं टोपलं फार सोपं आहे, तिथे आडवं झाड पाहिजे! ती चारही रोपं मुलं डब्याचं उरलेलं पाणी घालून वाढवताहेत. झाड मोठं व्हायला दहा वर्षं लागतील आणि तोपर्यंत आपण शाळेत नसू, हे त्यांना मी सांगितलं. "मग काय झालं, माझा भाऊ खेळल की," असं उत्तर मिळालं.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान असावं असं म्हटलं आहे. त्या मैदानावर झाड नसावं, असं कुठेही म्हटलेलं नाही. ते आपल्या डोक्यात आहे. मैदान म्हटलं की आपल्याला बोडकी सपाट जमीनच दिसते. ही व्याख्या बदलली पाहिजे, एवढीच माझी विनंती. ज्या शाळेत मोकळी जागा आहे तिथे खुशाल क्रिकेट खेळा. पण जिथे झाडं आहेत तिथे आधी विचारा, 'इथे कोणता खेळ बसेल?' कुऱ्हाडीचा विचार त्यानंतर, आणि शक्यतो नाहीच.

आमच्या लिंबांचं काय झालं?

सांगतो. गेल्या हिवाळ्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. बैठकीआधी मी सगळ्या सदस्यांना म्हटलं, चला, आधी एक फेरा खेळू. काही जण हसले, पण आले. मुलांनी त्यांच्या हातात झाकणं दिली आणि कसं धरायचं ते शिकवलं. पाचव्या टोपल्याशी, जोडलिंबापाशी, समितीतल्या एका शेतकरी दादांना सात फेका लागल्या. मुलं पोट धरून हसत होती. सातवी फेक एकदाची साखळीला लागली तेव्हा दादा कपाळ पुसत म्हणाले, "सर, हे लिंब मधी हाय म्हणून मजा यायली. नसतं तर कुनीबी टाकलं असतं."

मी दोन वर्षं जे सांगत होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

बैठकीत लिंबांचा विषय पुढच्या जूनपर्यंत लांबणीवर टाकला गेला. रद्द झालेला नाही, हे लक्षात घ्या. झाडांवर मारलेल्या चुन्याच्या खुणा अजून आहेत. एक-दोन सदस्यांना अजूनही मोकळं मैदानच पाहिजे, आणि त्यांची मुलंही चांगलं क्रिकेट खेळतात. त्यांचं म्हणणं मी चूक म्हणणार नाही. मी फक्त त्या दुसऱ्या शाळेचं मैदान त्यांना एप्रिलमध्ये, सकाळी अकरा वाजता, दाखवायला नेणार आहे. माझी सही असलेलं मैदान.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी काम. उद्या शाळेत गेलात की आवारातली झाडं मोजा. त्यांची नावं लिहा. कोणत्या झाडाखाली किती जण बसू शकतात ते बघा. मग एक जुनं झाकण घ्या, एक टोपलं ठेवा आणि मधोमध एखादं झाड येईल अशा जागी उभे राहा. खेळून झाल्यावर 'शाळेच्या मैदानावर झाडं असावीत का?' या विषयावर पंधरा ओळी लिहा. तुमचं मत माझ्यासारखंच असलं पाहिजे असं नाही. पण ते झाडाखाली उभं राहून बनवलेलं असावं, एवढंच.